पथकातलं प्रेम

आज भाचीनं सांगितलं, ढोल पथकातल्या ताशावाल्या मुलावर तिचं मन जडलंय. ताईचा लगेच प्रश्न, "एवढं काय पाहिलंस त्याच्यात?" मला मात्र फार आनंद झाला. नदीपात्रात रोज संध्याकाळी सराव, पाऊस आला की ढोल झाकायची धावपळ, हातात बसेपर्यंत तोच ठेका घोटणं... माणूस कळायला याहून चांगली जागा कुठली?

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोरलँड आणि बीच या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका वर्गात काही तरुणींना ५, १० आणि १५ तासांना नुसतं बसवलं. त्या कुणाशी बोलल्याही नाहीत, तरी जास्त वेळा दिसलेली विद्यार्थ्यांना जास्त आवडली. इथं तर दोघं एका तालात वाजवतात!

ताईला म्हटलं, रविवारी सरावाला चल, तूच बघ त्याला.