कुठे अडलंय?

रात्रीचे साडेबारा वाजलेत.

सर आज रागावले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, रूट टू अपरिमेय असल्याची, म्हणजे दोन पूर्ण संख्यांच्या भागाकारात मांडता येत नसल्याची, सिद्धता कळत नाहीये. त्यांनी शांतपणे विचारलं, "कुठे अडलंय?" मी गप्प. वहीत सगळं उतरवलेलं, दोनदा हायलायटर फिरवलेला. पण नेमकं कुठे, ते सांगता येईना. शेवटी मी "सगळंच" म्हणाले. ते म्हणाले, "उद्या ती ओळ घेऊन ये."

घरी येईस्तोवर रडू दाटून येत होतं. शाळेत बरं होतं, महत्त्वाचं काय ते कुणीतरी सांगायचं, आपण पाठ करायचं. आता जो तो म्हणतो, तुझं तू कर. कसं करायचं ते कुणी शिकवलंय? दादाला विचारलं असतं, पण... जाऊ दे.

कुठे अडलंय? प्रश्न काही पाठ सोडेना. आपल्याला काय कळलेलं नाही, तेच कळू नये, याचं फार वाईट वाटतंय.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगाबद्दल मागे वाचलं होतं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं मात्र लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवत होतं, वाचणाऱ्यांना ४२. तेव्हा वाचून सोडून दिलं होतं. आज वही मिटली आणि कोरा कागद घेतला.

रूट टू परिमेय आहे असं धरू. म्हणजे अ भागिले ब, दोघांना १ सोडून सामाईक विभाजक नाही. वर्ग केला. अ चा वर्ग म्हणजे ब च्या वर्गाची दुप्पट, म्हणून तो सम. इथवर हात भराभर चालला. पुढे लिहिलं, 'म्हणून अ सम', आणि पेन थांबलं. का? वर्ग सम आहे म्हणून संख्याही समच कशावरून?

हीच ती ओळ.

पाऊण तास गेला. तीन-चारदा वहीकडे हात गेला, मागे घेतला. विषम संख्या घेऊन पाहिल्या: ३ चा ९, ५ चा २५, ७ चा ४९. सगळे विषम. पण उदाहरणं म्हणजे सिद्धता नव्हे, सर नेहमी सांगतात. मग कुठलीही विषम संख्या म्हणून २क + १ घेतली, तिचा वर्ग केला. ४क² + ४क + १. पहिल्या दोन पदांतून २ बाहेर निघतो, मागे १ उरतो. विषमच! अ विषम असता तर त्याचा वर्गही विषम आला असता.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा असं वाटलं, की हे माझ्याजवळ आहे, वही हरवली तरी राहील. उद्या सरांना सांगायला ओळ उरली नाही, पण कुठे अडलं होतं ते सांगता येईल.

ब सुद्धा सम कसा, तिथे अजून पोचायचंय. ती ओळही अडेल बहुतेक. अडू दे. वही बॅगेत टाकलीय, कागद उशाशी ठेवलाय.