फी नंतर विचारा, आधी वही बघा

चिपळूणहून मावसबहिणीचा फोन आला. तिच्या मिस्टरांना आमच्याच गावी, सौदीतल्या जेद्दात, नोकरी लागलीय, दोन मुलगे आहेत, एक आठ वर्षांचा, एक सहाचा. "आपा, तुमची मुलं अरबी शाळेत आहेत ना? फी परवडते का? आणि त्यांना जमतं का?" तासभर बोललो, तरी अर्धं सांगायचं राहिलंच. म्हणून लिहून काढतेय, तिच्यासारख्या आणखी कुणाच्या उपयोगी पडेल.

इथे आपल्या लोकांची बहुतेक मुलं भारतीय शाळेत, सीबीएसईला जातात. आम्ही मुद्दाम अहलिया, म्हणजे खासगी अरबी शाळा घेतली. मी स्वतः मराठी शाळेत शिकले. ज्या गावात राहायचं तिथली भाषा मुलांना लिहिता-वाचता आली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. शिवाय ह्यांचं काम अजून बरीच वर्षं इथेच आहे. तुम्हाला दोन-तीन वर्षांत परत जायचं असेल, तर मात्र हा विचार सोडून द्या. अरबी धड येणार नाही आणि तिकडचा अभ्यास तुटेल.

आता पैसे. आमच्या शाळेची फी एका मुलाची वर्षाला 9,000 रियाल. त्यावर 15 टक्के व्हॅट, म्हणजे आणखी 1,350. सौदी मुलांचा हा कर सरकार भरतं, आपल्याला स्वतः भरावा लागतो. फी विचारली की शाळा हा आकडा आपणहून सांगतेच असं नाही, तो खोदून विचारायचा. बसचे पैसे वेगळे. आणि शाळेशी संबंध नसलेला, पण त्याच पगारातून जाणारा एक खर्च आहे: कमावत्यावर अवलंबून असलेल्या घरातल्या प्रत्येक परदेशी माणसामागे सरकारी कर, 2020 च्या जुलैपासून महिन्याला 400 रियाल. बायको आणि दोन मुलं धरली तर वर्षाचे 14,400 झाले. हे सगळं मांडल्याशिवाय 'स्वस्त शाळा' म्हणू नये.

आम्ही मोठ्याला आधी सगळ्यात स्वस्त शाळेत घातलं होतं, 7,500 ची. भाड्याच्या बंगल्यातली शाळा, हॉलमध्ये वर्ग, चाळिसाच्या वर पोरं. वर्षाअखेर 'नूर'वर, म्हणजे इथल्या सरकारी पोर्टलवर, सगळ्या विषयांत पूर्ण गुण दिसले. आम्ही शेजारी मिठाई वाटली. त्याच आठवड्यात बकालात, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, मी त्याला फ्रिजमधली एक बाटली दाखवून म्हटलं, वाच बरं. त्याने गाईचं चित्र बघितलं आणि म्हणाला, "हलीब." बाटलीवर मोठ्या अक्षरात 'लबन' लिहिलं होतं. दूध नव्हे, ताक. तीन अक्षरं, आणि पोराला त्यातलं एकही लागत नव्हतं. त्या रात्री मला झोप आली नाही.

चूक नुसती शाळेची नव्हती, आम्हालाही काही ठाऊक नव्हतं. पहिल्या पुस्तकांत अक्षरांवर जबर, जेर, पेश, म्हणजे अ, इ, उ या स्वरांच्या खुणा असतात. पुढे ती खुणांची मदत जाते. क-त-ब एवढंच छापलेलं असतं. ते 'कतबा' म्हणजे 'त्याने लिहिलं', की 'कुतुब' म्हणजे 'पुस्तकं', हे वाक्यावरून कळून घ्यायचं. आपल्याकडे वेलांट्या आणि उकार काढून टाकले तर कसं होईल, तसंच. अरब घरातल्या मुलाच्या कानात शब्द आधीच असतो, आपल्या मुलाच्या नसतो. त्यात गुरुजी शिकवतात शुद्ध अरबीत आणि मैदानावर चालते हिजाझी, म्हणजे इथली बोली: 'एश' (काय), 'दहीन' (आत्ता). मैदानावरची भाषा पोरं पटकन उचलतात आणि आईबापांना वाटतं, झालं, मुलाला अरबी आलं. तसं नसतं.

दुसरी शाळा शोधायची वेळ आली तेव्हा मी फाटकावर उभी राहिले. मोठ्या मुलांच्या विभागात सगळे पुरुष. मुदीर (मुख्याध्यापक) आणि वकील (इथे वकील म्हणजे उपमुख्याध्यापक) यांना भेटायला हेच जात. पण गाडी मी चालवते, 2018 च्या जूनपासून बायकांना ती मोकळीक आहे. तीन शाळांपुढे मी शाळा सुटायच्या वेळी थांबले आणि बाहेर उभ्या असलेल्या आयांना सरळ म्हटलं, मुलाची इमल्याची वही दाखवता का? इमला म्हणजे श्रुतलेखन. एका वहीत पानोपानी नुसत्या बरोबरच्या खुणा आणि चांदण्या. दुसरीत अर्धी पानं कोरी. तिसरी एका यमनी बाईच्या मुलाची. चुकलेल्या प्रत्येक शब्दाखाली लाल शाईने शुद्ध शब्द, त्याखाली मुलाने तो पाच वेळा गिरवलेला, शेवटी गुरुजींची सही आणि तारीख. "उस्ताज सूदानी आहेत, फार कडक," ती म्हणाली. म्हणताना हसत होती.

तीच शाळा घेतली. ह्या गुरुजींनी मोठ्याला सुटल्यावर अर्धा तास थांबवून 'लुगती'चं, म्हणजे अरबी भाषेचं, पहिलीचं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून करून घेतलं. आज तो चौथीत आहे. 'हिसाब', 'इमारा' असले शब्द घेऊन घरी येतो आणि आजीला फोनवर विचारतो, तुमच्याकडेही इमारत म्हणतात का? मराठी बाराखडी मी शुक्रवार-शनिवारी घेते, तेव्हा शाळा बंद असते.

पुढचंही डोक्यात ठेवावं लागतं. सहा इयत्ता इब्तिदाई, मग तीन मुतवस्सित, मग तीन सानवी. इथल्या विद्यापीठात जायचं तर कुदुरात आणि तहसीली या परीक्षा द्याव्या लागतात. तिकडे कॉलेजला आणायचं तर समकक्षता प्रमाणपत्र लागेल. आम्ही मुतवस्सितच्या आधी ठरवणार आहोत.

बहिणीला सांगितलंय, जन्मदाखले आणि शाळेचे दाखले अपॉस्टिल करूनच, म्हणजे परदेशात चालावेत म्हणून मारतात तो सरकारी शिक्का घेऊनच आण, 2022 च्या डिसेंबरपासून तो शिक्का इथे चालतो. लसीकरणाचं कार्ड विसरू नकोस. आणि मुलांना घातलंस की पहिल्याच महिन्यात वही माझ्याकडे घेऊन ये, आपण दोघी मिळून बघू.