तेवढं ‘असल्यास’ काढा

३१ मे ही आमच्या धंद्यातली दिवाळी. साठ-सत्तर सालच्या आसपास खेड्यात जन्मलेल्या पोरांची तारीख आईबापांनाच धड ठाऊक नसायची. “नुकता पाऊस लागला होता,” एवढंच सांगता यायचं. शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी! आणि पहिल्या तारखेला जन्मलेला नोकरदार ५८ पुरी झाली की आदल्या दिवशी, म्हणजे ३१ मेला, निवृत्त होतो. त्यामुळे झेडपीचे शिक्षक, महसूलचे कारकून, पोलीस, एसटीवाले, सगळ्यांचे निरोप समारंभ एकाच दिवसावर येऊन आदळतात. शाली संपतात, नारळ महागतात, फेटे बांधणारा फोन उचलत नाही.

आणि मानपत्रं माझ्याकडे येतात. कराडात माझं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, आहेराची पाकिटं, आणि हातानं लिहून हवा असेल तो मजकूर. वडील बोर्ड रंगवायचे. फ्लेक्स आलं आणि त्यांचे ब्रश माळ्यावर गेले, पण अक्षर माझ्या हातात राहिलं. कट निब, काळी शाई, जाड आयव्हरी कार्ड. आधी टूएच पेन्सिलीनं फिकट रेघा मारायच्या, लिहायचं, शाई पुरती वाळली की रेघा खोडायच्या. घाईत खोडलं की काळा फराटा उठतो आणि सगळं पहिल्यापासून. नावाच्या वेलांटीला गिऱ्हाइकाकडून दोनदा होकार घेते. बाकी मजकूर कोणी वाचत नाही, नाव मात्र सगळे वाचतात.

मजकुराची माझी एक वही आहे. निवृत्ती, एकसष्टी, डोहाळजेवण, बारसं, सांत्वन असे त्यात भाग पाडलेत. निवृत्तीच्या पानावर पहिली ओळ ठरलेली: ‘अजातशत्रू, हसतमुख आणि कर्तव्यदक्ष’. ज्याच्या नावानं ऑफिसातल्या पोरी रडल्या तो साहेबही माझ्या कार्डावर अजातशत्रूच निघालेला आहे. काय करणार? पैसे देणाऱ्यांना मानपत्र भारदस्त लागतं.

छोट्या चिठ्ठ्यांची गोष्ट वेगळी. भेटवस्तूबरोबर द्यायची, पाकिटात घालायची, चार-पाच ओळींची. ती लिहून घ्यायला येणारा माणूस आधी मोबाइल पुढे करतो. त्यात कुठून तरी आलेली कविता असते: आयुष्याचं वळण, सुखाची सावली वगैरे. मी मोबाइल बाजूला ठेवायला सांगते आणि प्रश्न विचारते. सुनेचं डोहाळजेवण आहे ना, मग तिला सध्या काय खावंसं वाटतंय? मामांची एकसष्टी, तर मामांनी तुम्हाला पहिल्यांदा कुठे नेलं? बाई म्हणते, “पंढरपूरला, आणि तिथं मी हरवले.” मग झाली की चिठ्ठी! ‘मामा, पंढरपुरात तुम्ही मला शोधून काढलंत.’ यापुढे कविता कशाला हवी?

सांत्वनाला माझे नियम कडक आहेत. पूर्वी मयताची बातमी पोस्टकार्डावर यायची तेव्हा कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा, वर ‘श्री’ नसायचा, आणि वाचून झालं की कार्ड फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाहीत. लग्नाच्या पत्रिकेला कोपऱ्यात हळदकुंकू, मयताच्या कार्डाला कोपराच नाही. अक्षर ओळखता न येणाऱ्यालाही हातात कागद पडताच कळायचं. आता सांत्वनाची चिठ्ठी लोक जपून ठेवतात. म्हणून त्यात ‘ईश्वरेच्छा बलीयसी’ मी लिहीत नाही. गेलेल्या माणसाचं नाव लिहिते आणि त्यानं केलेली एक तरी गोष्ट लिहिते.

तर २०२४ चा ३१ मे. सकाळपासून टेबलावर मानपत्रं वाळत पडलेली. त्यातलं एक जवळच्याच एका एसटी आगारातल्या चालकाचं होतं. सहकाऱ्यांनी वर्गणी काढून सांगितलेलं, संध्याकाळी न्यायचं. दुपारी एकच्या सुमारास खाकी कपड्यातला एक माणूस आला. पंचावन्नच्या आसपासचा, कंडक्टर. ड्युटी संपवून सरळ आला असावा, खांद्यावरची कातडी पिशवी रिकामी होती.

“ताई, बारकी चिठ्ठी लिहायची हाय. रिटायरमेंटची. माझं अक्षर गेलंय. पहिलं वेबिलं भरून भरून आणि आता मशिन आल्यापासनं पेनच धरत न्हाई.”

“कोणाला द्यायची?”

“आमच्या ड्रायव्हरला. आप्पाला.”

मी कार्ड कापायला घेतलं. तोवर त्याची नजर टेबलावर फिरत होती. वाळत पडलेल्या एका मानपत्रापाशी ती थांबली. नाव वाचलं, पहिली ओळ वाचली.

“अजातशत्रू,” तो म्हणाला. मग हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. “ताई, ह्या माणसाला गेटवर बांगड्या दिल्यात आम्ही.”

ते मानपत्र त्याच्या आप्पाचंच होतं.

एसटीचा मोठा संप आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. २०२१ च्या ऑक्टोबर अखेरीला सुरू झाला, राज्य शासनात विलीनीकरण हवं ही मागणी, आणि पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चालला. २२ एप्रिलपर्यंत कामावर या असं हायकोर्टानं सांगितलं तेव्हा उरलेले परतले. मधल्या महिन्यांत निलंबनं, बडतर्फी, बिनपगारी दिवस. काहीजण आधीच कामावर हजर झाले. आप्पा जानेवारीत झाला. मुलीचं लग्न ठरलेलं, सोसायटीचं कर्ज अंगावर. तो गाडी घेऊन आगाराबाहेर निघाला तेव्हा गेटवर बसलेल्यांनी गाडी अडवली आणि त्याच्यापुढे बांगड्यांचा डबा धरला.

“डबा कोणी आणला होता?” मी विचारलं. विचारायला नको होतं, पण माझी सवयच ती.

“मीच.”

हे सांगताना त्याचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. निब धरलेला हात, त्यात हिरव्या काचेच्या बांगड्या. तो एकदम गप्प झाला. मीही काही बोलले नाही. पुरुषाला कमी लेखायचं तर बाईच्या हातातली वस्तू त्याच्यापुढे करायची, ही आपल्याकडची जुनी खोड; त्यावर त्या दिवशी भांडायला मला वेळ नव्हता. वाळायची मानपत्रं खूप होती.

संपानंतर दोघांच्या ड्युट्या वेगळ्या लागल्या. बोलणं बंद. समोर आले तर एक चहाच्या टपरीकडे वळायचा, दुसरा ऑफिसकडे. आणि आज त्याचा शेवटचा दिवस.

“काय लिहायचं ठरवलंय?” मी विचारलं.

खिशातून चुरगळलेलं तिकिटाचं कागद निघालं. मागच्या बाजूला लिहिलं होतं: ‘माझ्याकडून काही चुकलं असल्यास माफी असावी. झालं गेलं विसरून जाऊ.’

मी म्हटलं, “दादा, तेवढं ‘असल्यास’ काढा.”

“का?”

“डबा तुम्ही आणला होता ना? मग असल्यास कशाला? आणि ‘विसरून जाऊ’ हे तुम्ही म्हणायचं नसतं. ते म्हणायचा हक्क त्यांचा.”

तो जरा तापला. “मग उरलं काय?”

खरंच काही उरलं नव्हतं. मग मी नेहमीसारखे प्रश्न सुरू केले. मायन्यापासूनच अडलं. ‘प्रिय आप्पा’ म्हटल्यावर तो लाजला, “ते पोरीबाळींचं वाटतंय.” ‘सा. न. वि. वि.’ म्हटलं तर म्हणाला, विभाग कार्यालयाचं पत्र आल्यासारखं होईल. शेवटी नुसतं ‘आप्पा’.

“किती वर्षं एका गाडीवर होता?”

“लय वर्षं. चिपळूणची गाडी, कुंभार्ली घाटातली.”

“घाटातलं काहीतरी सांगा.”

त्यानं आधी घंटीचं सांगितलं. एक घंटी थांब, दोन घंट्या चल. पण आप्पाला म्हणे घंटीच्या ओढीवरून कळायचं की मागे भांडण लागलंय की म्हातारी चढतेय. मग मुक्कामी गाडीत डबा वाटून खाल्ल्याचं. आप्पा याचा हिशेब लागेपर्यंत डबा उघडायचा नाही. मग पंक्चरचं, मग कुठल्याशा आमदाराचं. मी लिहून घेत नव्हते, नुसती ऐकत होते. हे सगळं कोणीही कोणाबद्दल सांगू शकतं. आणि मग सहज बोलल्यासारखा तो म्हणाला, “पावसाळ्यात धुकं असलं की बोनेटच्या पुढचं दिसत न्हाई. तवा मी खाली उतरून बॅटरी घेऊन रस्त्याच्या कडंनं म्होरं चालायचो, आन् आप्पा माझ्या मागनं गाडी आणायचा.”

“भीती नाही वाटायची?”

“कशाची?”

“पाठीशी एवढी गाडी.”

तो विचारात पडला. “न्हाई ओ. मागं बघितलंच न्हाई कधी.”

मी निब शाईत बुडवली.

आणखी एक अडचण होती. ही चिठ्ठी घरात दहाजण वाचणार. सत्काराच्या दिवशी पाहुणे असतात, पाकीट हातोहात फिरतं, सून मोठ्यानं वाचते. बांगड्यांचा उल्लेख चारचौघांत आला तर आप्पाचाच पुन्हा अपमान. मी म्हटलं, भेटीबरोबर देऊ नका, कार्यक्रमात तर मुळीच नाही. पाकीट डिंकानं चिकटवते, त्यांच्या हातात द्या, वर नाव लिहीत नाही. त्याला ते पटलं. पण बांगड्यांचं वाक्य लिहू की नको, यावर तो बराच वेळ दारात उभा राहून रस्त्याकडे बघत होता. तेवढ्यात दोन शिक्षक आले, मानपत्र घेऊन गेले, घासाघीस करून पन्नास रुपये कमी देऊन गेले. मग तो आत आला आणि म्हणाला, “लिवा.”

लिहिलं ते असं:

‘आप्पा,
घाटात धुकं असलं की मी बॅटरी घेऊन पुढं चालायचो आणि तुम्ही माझ्या मागनं गाडी आणायचा. एकदाही मला मागं वळून बघावं लागलं नाही.
त्या दिवशी गेटवर मी होतो. बांगड्या मीच आणल्या होत्या. चुकलं माझं.
तुमचा वाहक’

अक्षर मी मुद्दाम साधं काढलं, मानपत्राचं फुलोऱ्याचं वळण नाही. त्यानं ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ओठ हलत होते. मग पैसे मोजले, बरोबर सुटे, कंडक्टरच तो, आणि गेला.

मानपत्रही संध्याकाळी गेलं, ‘अजातशत्रू’सकट. ते बदलायचा विचार माझ्या मनात येऊन गेला, पण वर्गणी पाचपन्नास जणांची, शब्द त्यांनी पसंत केलेले.

जूनच्या मध्यावर, शाळेची लेबलं आणि वह्यांची कव्हरं यांची गर्दी ओसरल्यावर, दुकानात एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस आला. हातात माझंच पाकीट.

“हे तुम्हीच लिवलंय न्हवं?”

गिऱ्हाइकाचा मजकूर मी कोणाशी बोलत नाही. मी म्हटलं, “अक्षर माझं आहे.”

“मग ह्याला उत्तर लिवून द्या. ह्याच कागदावर, ह्याच शाईनं.”

“आप्पा, तो काही लांब नाही. फोन करा की.”

“त्यानं लिवलंय तर लिवूनच द्यायला पायजे,” ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. विचार करून आले होते, एका दमात सांगितलं: रविवारी दुपारी जेवायला यावे, सहकुटुंब. मटण आहे. माळकरी असाल तर आधी कळवावे, कारण हल्ली तुमचं काही समजत नाही.

मी लिहिलं. खाली जागा उरली होती. “अजून काही?” मी विचारलं.

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला.

“लिवा की, बांगड्या मंडळींना मापात बसल्या.”