शेवटचा आकडा

नागपूरजवळच्या कामठीला गेलो होतो गोऱ्यांच्या कबरींचे फोटो काढायला. १८२१ सालची छावणी ती. दोन दिवस, तीनेकशे फोटो, तापलेलं टाळकं. त्यावर पुन्हा कधीतरी. चहाच्या टपरीवर एक निवृत्त सुभेदार म्हणाले, "गोऱ्यायचे सारेच काढतेत जी. आमचे पाह्यले काय?"

दुसऱ्या दिवशी मौद्याकडचं एक गाव. फाट्यावर मोटरसायकल येणार होती, ती पंक्चर. तीन किलोमीटर पायपीट. वस्तीमागं नाल्याकाठी, तरोट्याच्या तणात बुडालेले कबरींचे सिमेंटचे ओटे. सुभेदार, एक झेडपीचे गुरुजी आणि कॉलेजातल्या दोन पोरी रविवारी इथले फौजी शोधतात. तरोटा उपटायचा, ओटा मोजायचा, फोटो, मग वहीत नाव, पलटण, नंबर.

मी नमस्कार केला, पोरींनी जय भीम केला आणि हातात खुरपं दिलं.

चौथ्या ओट्यावर बिल्ला निघाला. ओल्या सिमेंटात कुणीतरी खिळ्यानं कोरलेला: दोन मशीनगनची फुली आणि मधे खांब. मला खांबच वाटला, पण सुभेदार उकिडवे बसले ते उठेचनात. कोरेगावचा जयस्तंभ होता तो. महार रेजिमेंटची दुसरी पलटण १९४१ साली कामठीतच उभी राहिली, ब्रह्मदेशात लढली. १९४६ साली रेजिमेंट मशीनगनची झाली. पुढं बिल्ल्यावरचा खांब गेला, खंजीर आला. "मी भरती झालो तं खंजीरच होता," सुभेदार म्हणाले. "हा म्हातारा खांबवाला हाये."

आता माझा पराक्रम. 'पाणी आणि मऊ ब्रश, बाकी काही नाही,' असं गुरुजींनी सकाळीच बजावलं होतं. पण माझ्या पिशवीत तारेचा ब्रश होता, खास या कामासाठी घेतलेला, आणि नंबरावर शेवाळ होतं. चार हात मारले. शेवाळ गेलं, त्यासोबत शेवटचा आकडाही भुगा होऊन माझ्या बुटावर पडला.

"दादा, काय केलं हे!"

सुभेदार म्हणाले, "नाव खोडलं असतं तं चाललं असतं जी. या नावाचे पलटणीत धा निघतीन. नंबर एकाचाच असते."

गुरुजींनी आरशानं तिरपा उजेड पाडून पाहिलं. एक असेल, सात असेल. मी अंदाजानं एक लिहिला, पोरीनं तो वहीतून खोडला.

म्हाताऱ्याच्या सुनेकडं गेलो. बाई चहा घेतल्याशिवाय बोलायलाच तयार नाही. आधी चहा, मग पोहे, मग पुन्हा चहा. मी मान खाली घालून खाल्लं. नंबराचं कळल्यावर म्हणाली, "मंग पेटीवर हाये न."

खाटेखालून काळी ट्रंक ओढली. वर्षाच्या मिरच्या भरलेल्या. झाकण हललं तसे सगळे शिंकायला लागलो. बाजूला पांढऱ्या रंगात नाव, खाली नंबर. शेवटी सात.

पोरीनं वहीत सात लिहिला, आणि 'कुठून मिळाला' या रकान्यात 'मिरचीची पेटी'.