बाळ तर झोपलेलंच असतं!

मुलं सांभाळायला लागले तेव्हा दर मी ठरवलाच नव्हता. पहिल्या घरी विचारलं, "ताई, किती घेता?" आणि माझ्या तोंडून निघालं, "द्या तुम्हाला योग्य वाटेल ते." या एका वाक्याने माझं वर्षभर नुकसान केलं. समोरच्याला योग्य वाटतं ते नेहमी थोडं कमीच असतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. आकडा आपण सांगायचा असतो.

डोळे उघडले ते वहीमुळे. महिनाभर मी निघाल्यापासून घरी परतेपर्यंतची वेळ लिहून ठेवली. एक नोंद अजून लक्षात आहे. ठरले होते 3 तास. आई-बाबा आले 35 मिनिटं उशिरा. मग दारात उभ्याउभ्या "जेवली का, रडली का, शी झाली का" यात 15 मिनिटं. जायला 40, यायला 40. एकूण 5 तास 10 मिनिटं, पैसे 3 तासांचे. म्हणजे ताशी 100 ठरले असतील, तर हातात 58 पडत होते. वर "आज काही त्रास नाही ना दिला?" हे कौतुक फुकट.

मग बसले आणि नियम केले. किमान 2 तासांचे पैसे, काम तासाभराचं असलं तरी. उशिराची पहिली 10 मिनिटं माफ. त्यापुढे गेलं की सगळा उशीर पाव तासाच्या हिशोबाने. सुरू झालेला पाव तास पूर्ण धरायचा. जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. आदल्या दिवशी रद्द केलं तर काही नाही, ऐनवेळी केलं तर निम्मे पैसे, कारण त्या वेळेसाठी मी दुसऱ्या कुणाला तरी नाही म्हटलेलं असतं.

दोन मुलांचं गणित मात्र चुकलं. मी सरळ दुप्पट सांगितलं आणि ते घर गेलं. तेव्हा राग आला, पण आता वाटतं त्यांचं बरोबर होतं. माझा तास एकच असतो, दोन मुलं झाली म्हणून तो दोनदा विकता येत नाही. वाढते ती दमछाक: एकाला बाथरूममध्ये नेलं की दुसऱ्याने नेमकी तेव्हाच खुर्चीवर खुर्ची चढवलेली असते. आता दुसऱ्या भावंडाचे एक तृतीयांश जास्त घेते. दोन वेगळ्या घरांची मुलं एकत्र असली तर प्रत्येक घराकडून दराच्या दोन तृतीयांश. त्यांना स्वस्त पडतं, मला तेवढेच मिळतात. घरकाम यात नाही. मुलाची ताटली मी धुते, घरभराची भांडी नाही. हे आधी बोललं नाही तर तिसऱ्या खेपेला सिंक भरलेलं सापडतं.

सगळ्यात जास्त वाद झाला झोपेवरून. एक वहिनी म्हणाल्या, "रात्री 8 नंतर बाळ झोपलेलंच असतं. मग अर्धाच दर लावा ना." मला उत्तर सुचेना. त्या रात्री तिथेच बसून पाहिलं मी काय करते ते. नऊ महिन्यांचं बाळ. टीव्ही बंद, कारण खोलीतला आवाज ऐकू यायला हवा. दर थोड्या वेळाने आत जाऊन छाती वरखाली होतेय ना ते बघायचं. पालथं वळलं की हात आपोआप पुढे. गादीच्या कडेला शर्टाचं एक बटण सापडलं, ते खिशात टाकलं आणि मग अख्खा पलंग चाचपला. झोप बाळाची होती, माझी नव्हती!

नंतर कळलं की यावर जगाने विचार करून ठेवलाय. घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2011चा करार क्रमांक 189 आहे. ज्या वेळेत कामगाराला स्वतःच्या मनासारखं वागता येत नाही, हाकेला हजर राहावं लागतं, ती वेळ कामाचीच, असं त्यात म्हटलंय. किती धरायची, ते त्या त्या देशाचे कायदे ठरवतात. अधूनमधून, व्यवसाय म्हणून नव्हे तर सहज कुणी हे काम करत असेल तर तो करार लागू नाही. पण मला कुठे खटला लढायचा होता? वहिनींना सांगायला एक वाक्य हवं होतं, ते मिळालं: "बाळ झोपलं म्हणून मला घरी जाता येईल का?" त्या हसल्या आणि पूर्ण दर कबूल केला. मुक्कामाचं मात्र वेगळं. मला पलंग असेल, खरोखर झोपता येत असेल, तर रात्रीची एक ठोक रक्कम, आणि उठावं लागलं तर त्या वेळेचा पूर्ण दर.

परवा त्याच वहिनी उशिरा आल्या. पर्स काढतानाच घड्याळ बघून म्हणाल्या, "वीस मिनिटं झाली, म्हणजे दोन पाव तास ना ताई?" मी म्हटलं, एकच धरा. नियम केलेत खरे, पण मूल कडेवर असताना मला ते पूर्ण पाळता येत नाहीत.