तापाचा पहिला दिवस कोणता?

माझा मुलगा केनियातील मोंबासा या बंदराच्या शहरात एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी तो सुटीवर निघाला, मुंबईला विमानातून उतरला आणि रेल्वेने धामणगाव गाठून यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी आला. सोयाबीन निघून गेले होते, कापसाची पहिली वेचणी सुरू होती आणि पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या माझ्या मुलीला नववा महिना लागला होता. घरी आल्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी मुलाला एकाएकी हुडहुडी भरली. थर्मामीटर लावून पाहिला, तर ताप १०३ होता.

पुढचे दोन दिवस वाया गेले आणि त्यात माझीही चूक होती. गावातल्या डॉक्टरांनी अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन दिले. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या एका प्रयोगशाळेत मलेरियाची पट्टी निगेटिव्ह आली, विडाल चाचणी थोडी पॉझिटिव्ह आली आणि टायफॉइड समजून प्रतिजैविके सुरू झाली. मुलगा कुठून आला हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही, कारण घरी आल्यावर आजारी पडला म्हणजे ताप इथलाच, असे मी गृहीत धरले होते. गावात तेव्हा डेंग्यूचे दोन-तीन रुग्ण होते, हेही त्याला कारण झाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, “आई, कप धरवत नाही.” मनगटे सुजली होती, मूठ मिटत नव्हती, आणि परसदारी जाताना तो भिंत धरून, म्हाताऱ्या माणसासारखा कमरेत वाकून चालत होता. ते पाहून मला चिकनगुनियाच्या साथीचे २००६ साल आठवले. त्या वर्षी आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलांचे आईवडील असेच वाकून चालत होते. मी गाडी बोलावली आणि त्याला थेट जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या रुग्णालयात नेले.

तिथल्या तरुण डॉक्टर मॅडमनी नाडीला हात लावण्याआधी तीन प्रश्न विचारले: गेल्या महिन्यात कुठे कुठे राहणे झाले, तिथून कोणत्या तारखेला निघाला, आणि तापाचा पहिला दिवस कोणता? मोंबासा हे नाव ऐकताच त्यांनी ते केसपेपरच्या अगदी वर लिहिले आणि त्याखाली तारखा मांडल्या. डास चावल्यापासून डेंग्यूचा ताप यायला बहुधा ४ ते १० दिवस लागतात आणि चिकनगुनियाचा यायला ३ ते ७, त्यामुळे घरी पाऊल टाकल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी आलेला ताप बहुतेक तिकडूनच सोबत आलेला असणार, हे त्यांनी मला त्या तारखांवर बोट ठेवून समजावले.

तरीही डेंग्यू-चिकनगुनियाच्या आधी त्यांनी मलेरियाच पुन्हा तपासायला घेतला. आफ्रिकेतून आलेल्या माणसाचा ताप हा मलेरिया नाही असे सिद्ध होईपर्यंत मलेरियाच समजायचा, कारण तिकडचा फाल्सिपेरम मलेरिया वेळेत उपचार न झाल्यास एकदोन दिवसांत जीवावर बेततो आणि एका निगेटिव्ह पट्टीने तो नाकारता येत नाही, असे त्या म्हणाल्या. काचपट्टीवर रक्ताचे जाड आणि पातळ असे दोन्ही थर घेऊन ती तपासणी त्यांनी काही तासांच्या अंतराने तीनदा केली. तिन्ही निगेटिव्ह आल्या तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

दरम्यान त्यांनी रक्तदाब मोजायचा पट्टा त्याच्या दंडावर बांधला, वरच्या आणि खालच्या दाबाच्या मधोमध फुगवून पाच मिनिटे तसाच ठेवला आणि नंतर कोपराच्या खाली पेनने एक इंचाचा चौकोन आखून त्यातले लाल ठिपके मोजले. डेंग्यूमध्ये बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात, म्हणून असे ठिपके दहा किंवा त्याहून अधिक उमटू शकतात. त्याच्या हातावर तीनच होते. ही खूण खात्रीची नसते, म्हणून प्लेटलेट आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण, रोज तपासायचे ठरले. डेंग्यू नाही हे नक्की होईपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय कोणतेही वेदनाशामक द्यायचे नाही, कारण इतर वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढू शकतो, हे ऐकून मला आधीचे इंजेक्शन आठवले आणि मी फार घाबरले.

रक्ताचे अहवाल वाचायला मी बसले ती खरी गुंतागुंत. डेंग्यूचे एनएस-१ (विषाणूचेच एक प्रथिन) निगेटिव्ह, डेंग्यू आणि चिकनगुनिया दोन्हींचे आयजीएम (ताज्या संसर्गात शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे) निगेटिव्ह, पण डेंग्यूचे आयजीजी (नंतर तयार होऊन दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे) मात्र पॉझिटिव्ह. मॅडमनी मुलाला पिवळ्या तापाची लस घेतली आहे का ते विचारले. केनियाला जाण्यापूर्वी त्याने ती घेतली होती आणि तिचे पिवळे कार्ड पासपोर्टमध्येच होते. पिवळा ताप, डेंग्यू, झिका आणि जपानी मेंदूज्वर यांचे विषाणू एकाच कुळातले आहेत, त्यामुळे एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्याच्या चाचणीत उमटू शकतात. चिकनगुनियाचा विषाणू निराळ्या कुळातला असल्याने तिथे हा घोटाळा होत नाही. त्याचे आयजीएम निगेटिव्ह आले ते केवळ तापाच्या तिसऱ्या दिवशी रक्त घेतल्यामुळे. ती प्रतिपिंडे साधारण पाचव्या दिवसापासून सापडू लागतात. पहिल्या आठवड्यात विषाणू स्वतः रक्तात असतो, तोवर त्याला आरटी-पीसीआरने, म्हणजे विषाणूचे जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीने, शोधायचे असते. म्हणून नमुना बर्फात ठेवून वरच्या प्रयोगशाळेत गेला आणि त्याच्या फॉर्मवर तापाचा पहिला दिवस ठळक अक्षरांत लिहिला गेला.

अहवाल यायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत मी मुलापेक्षा मुलीच्या काळजीने जास्त झुरले, कारण बाळंतपणाच्या दिवसांत आईला चिकनगुनिया झाला तर तो जन्मताना बाळाला होऊ शकतो आणि नवजात बाळाला तो फार जड जातो. मुलाच्या रक्तातला विषाणू आमच्याच घरातल्या डासांमार्फत तिच्यापर्यंत पोहोचू शकत होता. चिकनगुनिया पसरवणारा डास दिवसा चावतो, म्हणून रुग्णालयात आणि नंतर घरीही मुलाला दिवसभर मच्छरदाणीत ठेवले आणि मुलीला तिच्या मावशीकडे दुसऱ्या गावी पाठवले. आमच्याकडे नळाला पाणी दिवसाआड येते, त्यामुळे घरोघरी ड्रम भरलेले असतात. आमचे ड्रम आणि कूलरची टाकी रिकामी करून मी नारळाच्या शेंडीने आतल्या कडा घासल्या, कारण अंडी पाण्याच्या वर, त्या कडांनाच चिकटलेली असतात.

आरटी-पीसीआरमध्ये चिकनगुनिया निघाला, डेंग्यू आणि झिका नाही. दहाव्या दिवशी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यात चिकनगुनियाचे आयजीएम पॉझिटिव्ह आले, डेंग्यूचे निगेटिव्हच राहिले, आणि टायफॉइडची औषधे तर मॅडमनी आधीच बंद केली होती. या रोगाचे नाव माकोंडे भाषेतले असून त्याचा अर्थ वाकून जाणे असा आहे, आणि केनियाच्या शेजारच्या टांझानियात १९५२ च्या साथीत तो प्रथम ओळखला गेला, हे त्यांनीच सांगितले. भिंत धरून चालणारा माझा मुलगा तेव्हा पुन्हा डोळ्यांपुढे आला.

मुलीला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मुलाची सूज गेली, तरी जानेवारीत परत निघताना सकाळच्या वेळी त्याची डावी मूठ पूर्ण मिटत नव्हती. त्याच्या पिवळ्या कार्डाशेजारी मी एक कागद ठेवला आहे: तापाचा पहिला दिवस, दोन्ही नमुन्यांच्या तारखा आणि निकाल. पुढच्या वेळी ताप आला, तर तिकडच्या डॉक्टरांना हा कागद आधी दाखव, एवढे मी त्याला बजावले आहे.