दोरीवरचे कपडे न काढता

आमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये बारशी आहेत, साखरपुडे आहेत, सत्यनारायण आहेत, दादा पहिल्यांदा शर्ट इन करून उभा राहिलाय तोही फोटो आहे, पण चाळ औषधालाही नाही. म्हणजे सगळं आयुष्य गेलं वरळीच्या बीडीडी चाळीत आणि फोटोत बघाल तर वाटेल ही माणसं एका चादरीपुढे राहत होती. कारण सोपं आहे. फोटो काढायचा म्हटलं की आई आधी दोरीवरचे कपडे काढायची, मोरीचा पडदा ओढायची, पिंपं पलंगाखाली ढकलायची आणि भिंतीचे पोपडे दिसू नयेत म्हणून मागे खिळ्यांना नवीन चादर अडकवायची. कॅमेरा मागून आणलेला, रोलमध्ये ३६ फोटो, त्यातला एक पोपड्यांवर कोण घालवणार?

आता पुतणीला शाळेतून 'माझा परिसर' असा प्रोजेक्ट मिळाला. खरं तर स्टेशनरीच्या दुकानातून पोस्ट ऑफिस, बाग, दवाखाना असे तयार चित्रांचे चार्ट आणून चिकटवले की काम झालं असतं, पण दादाचा काच तडकलेला जुना मोबाईल तिला मिळाला होता, त्यात सुट्टी लागलेली, मग तिची सगळी गँग, म्हणजे मजल्यावरची पोरं आणि खालच्या मजल्यावरच्या हवालदाराची दोन, असे सगळे त्या एका मोबाईलवर तुटून पडले. प्रोजेक्ट केव्हाच जमा झाला, फोटो काढणं काही थांबलं नाही. मी रविवारी डोंबिवलीहून आले की आत्या हे बघ आत्या ते बघ, चहा गार.

बघायला बसले तर अर्ध्या फोटोंमध्ये कोणाचंतरी बोट. उरलेल्यातले बरेच हललेले, कारण आमचा पॅसेज भर दुपारी पण अंधारा. चाळ म्हटलं की लोकांना सिनेमातली लाकडी गॅलरी आठवते, कठड्यावर रेलून गप्पा मारणारे शेजारी वगैरे. बीडीडीत तसं नाही. इथे मधोमध लांबलचक पॅसेज आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर खोल्या, एका मजल्यावर वीस, तळमजला धरून चार मजले, म्हणजे एका चाळीत ऐंशी. खोली १६० चौरस फुटांची. या पॅसेजमध्ये क्रिकेट खेळलेल्या माणसाला स्ट्रेट ड्राइव्ह सोडून दुसरा शॉट येत नाही.

तर या पोरांनी मजल्यावरचे सगळे दरवाजे काढलेत, एकेक करून. मला ती कल्पना इतकी आवडली की काय सांगू. एका दारावर तोरण, एकावर बाबासाहेबांचा फोटो, एकाला नवीन सेफ्टी डोअर पण आतला दरवाजा जुनाच, एकावर गेल्या निवडणुकीचा स्टिकर नखाने अर्धा खरवडलेला, आणि प्रत्येक दारासमोर चपला. चपलांवरून घरात कोण आहे ते पोरांना कळतं, फोटो दाखवताना ती तसंच सांगतात, हे आजी देवळात गेल्या तेव्हा काढलाय, हे काका नाइटला होते. मी अख्खं बालपण तिथे काढलं आणि समोरच्या दाराचा रंग कोणता होता ते मला आज सांगता येत नाही.

पलंगाखालून काढलेले फोटो तर वेगळाच विषय. मोठ्या माणसाला सुचणारच नाही, कारण मोठा माणूस तिथे मावत नाही. एवढ्याशा खोलीत पलंगाखालची जागा म्हणजे पोरांची बेडरूम पण आणि स्टडी रूम पण, तिथून दिसतात वहिनीच्या पायांच्या टाचा, शिलाई मशीनचं पायडल, गॅसच्या सिलिंडरचा बुडखा आणि टीव्हीचा खालचा अर्धा भाग. एका फोटोत नुसतेच पीठ लागलेले दोन हात आहेत, शेजारच्या मावशींचे. त्यांच्या सासूबाईंची गिरणीवाल्यांसाठी खानावळ होती, गावाहून एकटे आलेले कामगार तिथे जेवायचे. मावशींनी चेहरा काढू दिला नाही म्हणे, केस विंचरले नव्हते, म्हणून पोरांनी हात काढले.

यावरून भांडणं पण झाली. संडासाबाहेर सकाळी लावलेल्या बादल्या आणि टमरेलं, म्हणजे माणूस घरात आणि बादली रांगेत, त्याचा एक झकास फोटो आहे. तो बघून एक काकू जाम भडकल्या, हे दाखवायचंय का शाळेत, लोक काय म्हणतील, आमची अब्रू वगैरे. त्यावर हवालदाराचा धाकटा शांतपणे म्हणाला, काकू पण तुमची बादली पहिली आहे ना. काकू हसल्या का नाही ते मला कोणी धड सांगत नाही, पण फोटो डिलीट झालेला नाही हे खरं.

मला काकूंचं कळतं. माझ्या आईची चादर आणि काकूंचा राग एकच आहे. पण त्याचवेळी हल्ली मोठमोठे कॅमेरे घेऊन चाळ पाडायच्या आधी फोटो काढायला जी मंडळी येतात त्यांचे फोटो पण बघा. ब्लॅक अँड व्हाइट, पोपडे, स्लॅबमधून बाहेर आलेल्या गंजक्या सळ्या, खिडकीत एक म्हातारे आजोबा (ते आजोबा १९८२ च्या संपातले गिरणी कामगार निघाले तर मग विचारूच नका). सगळं खरं, फोटोही चांगले असतात, पण आईने जे झाकलं तेवढंच ही माणसं नेमकं दाखवतात. पोरांच्या फोटोत पोपडे आहेत की, पण ते सेल्फीच्या मागे आहेत, आणि फोटो कशाचा तर नवीन कंपास पेटीचा.

प्रोजेक्टमध्ये 'परिसराचा इतिहास' असा एक रकाना होता तो माझ्या गळ्यात पडला. मग मी सांगितलं की १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणून बीडीडी, गव्हर्नर लॉइडच्या काळात या चाळी सिमेंट काँक्रीटच्या बांधल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७, त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. कामगारांसाठी बांधल्या आणि गंमत म्हणजे सुरुवातीला कितीतरी खोल्या रिकाम्याच पडून, कारण गिरणीपासून लांब. पुढे १९३० च्या सत्याग्रहात वरळीतल्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला होता. एवढं ऐकल्यावर पुढचं कोणी ऐकलंच नाही. आत्या म्हणजे आमच्या खोलीत कैदी होते? कोणती बाजू कोठडी? दुसऱ्या दिवशी खिडकीच्या गजांचे दहा-बारा फोटो आणि प्रत्येकात गज धरून एकेक कैदी, दात काढून हसणारा.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. फोटोंमध्ये जांबोरी मैदान आहे, गणपतीच्या मंडपाचे बांबू आहेत, बुद्धविहाराच्या पायऱ्या आहेत, त्यावर बसून बर्फाचा गोळा खाणारे हेच सगळे टगे आहेत, आणि हे सगळं एकामागोमाग, कारण बॉल जिकडे जातो तिकडे हे जातात. १९७४ च्या जानेवारीत दलित पँथर या संघटनेच्या सभेवरून इथे दलित आणि सवर्णांमध्ये दंगल पेटली होती. मी तेव्हा जन्मले पण नव्हते, तरी आमच्या लहानपणीसुद्धा कोणत्या चाळीत कोण राहतं आणि संध्याकाळनंतर कुठे जायचं नाही हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ होतं. आम्ही फोटो काढले असते तर अर्धी वरळी त्यात आलीच नसती. सगळं मिटलंय असं मी म्हणणार नाही, मोठ्यांच्या गप्पा मी ऐकते ना, पण या मोबाईलमध्ये तरी ती रेघ मला सापडली नाही.

आता चाळी चालल्यात. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या, टॉवरमधलं ५०० चौरस फुटांचं स्वतःच्या मालकीचं घर, आत स्वतःचा संडास. यावर ज्यांना 'पण ती चाळीतली माणुसकी' असं म्हणायचंय त्यांनी आधी महिनाभर ते टमरेल घेऊन रांगेत उभं राहावं, मग बोलू. दादाच्या चाळीचा नंबर अजून लागायचाय, वहिनी रोज कोणालातरी फोन करून विचारते.

माझी काळजी वेगळी आहे. हे सगळे फोटो एका तडकलेल्या मोबाईलमध्ये आहेत ज्याचं स्टोरेज केव्हाच फुल झालंय, पोरं एक गेम टाकायला पंचवीस फोटो उडवतात, आणि चांगले म्हणून व्हॉट्सॲपवर टाकलेत ते दाबून दाबून पार पुसट झालेत. म्हणून गेल्या रविवारी मी हार्ड डिस्क आणि केबल घेऊनच गेले, म्हटलं ओरिजिनल द्या सगळे. पुतणीने आधी मीटिंग घेतली. मग अटी आल्या. प्रत्येक फोटोखाली ज्याने काढलाय त्याचं नाव पाहिजे, कैद्यांच्या फोटोत तिच्या भावाने नुसतं बटण दाबलंय, आयडिया तिची आहे, तर तिथे दोघांची नावं पण तिचं आधी, आणि काकूंचा बादलीवाला फोटो काकूंना विचारल्याशिवाय मी फेसबुकवर टाकायचा नाही. मी सगळं कबूल केलं. भाऊ अजून बटणावरून भांडतोय, त्यामुळे कॉपी निम्म्यावरच थांबलीये.